दया, ईश्वरी (ख्रिस्ती)

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना. पापी, पीडित व असहाय मानवाशी ईश्वर कसा वागतो, हे सांगताना बायबलमध्ये जे अनेक शब्द योजिले आहेत, त्या सर्वांचा निर्देश मराठीत सामान्यतः ‘दया’ या एकाच शब्दाने करण्यात येतो. जुन्या कराराच्या मूळ हिब्रू संहितेतील यांपैकी प्रधान शब्द ‘हेसेद’ हा होय. त्याचा अर्थ केवळ अनुकंपा असा नाही. जोडलेल्या नात्याला व दिलेल्या वचनाला अखेरपर्यंत चिकटून राहणारे आणि प्रत्यक्ष कृतीतून प्रकट होणारे प्रेम, असा त्याचा आशय आहे. दया वरून खाली येते. हेसेद दोन पक्षांना बांधून ठेवतो. हा भेद मराठीत कितपत उतरला आणि मराठवाड्यातील, विशेषतः छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व जालना या परिसरातील ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने त्याला काय महत्त्व आले, हा या संकल्पनेच्या इतिहासाचा एक लक्षणीय भाग आहे.

हिब्रू बायबलमध्ये ‘हेसेद’ हा शब्द सु. २४५ वेळा आला असून त्यांपैकी निम्मे उल्लेख एकट्या स्तोत्रसंहितेत आढळतात. प्रारंभी त्याचा वापर धार्मिकापेक्षा लौकिक व्यवहारात अधिक दिसतो. दावीद व योनाथान या मित्रांनी एकमेकांशी हेसेदची शपथ वाहिली. योनाथान रणात पडल्यानंतर दाविदाने त्याच्या लंगड्या मुलाला शोधून काढून आपल्या पंक्तीला बसविले, ते या शपथेला अनुसरूनच. मित्र हयात नव्हता आणि त्याचा मुलगा मोबदल्यात काही देण्याच्या स्थितीत नव्हता; तरी शब्द संपला नव्हता. रूथच्या ग्रंथात तर हेसेद करणारी व्यक्ती इस्राएली नसून मवाबी आहे. पती वारल्यावर निराधार सासूला सोडून माहेरी जाण्याची मोकळीक असतानाही रूथ तिच्याबरोबर परक्या देशात जाते. तेथे शेतात सरवा वेचून ती दोघींचा निर्वाह करते, आणि तिच्या या वर्तनाला तोच शब्द लावलेला आहे जो इतरत्र ईश्वराला लावला जातो.

ईश्वराच्या संदर्भात या शब्दाचे सर्वांत महत्त्वाचे स्थळ निर्गम ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात येते. सीनाय पर्वतावर करार होऊन फार दिवस लोटले नव्हते, तोच लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा मांडली आणि मोशेने आज्ञांच्या शिलापट्टिका फोडून टाकल्या. दुसऱ्या पट्टिका घडविल्या जात असता ईश्वर आपले नाव व स्वरूप प्रकट करतो, आणि त्यात हेसेद विपुल असल्याचे सांगतो. करार पाळला जात असताना नव्हे, तर एका पक्षाने तो मोडल्यानंतर ही घोषणा होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अपराधाची शिक्षाही त्याच वचनात सांगितलेली आहे. ईश्वरी दया म्हणजे न्यायाची सूट, असा अर्थ तेथे अभिप्रेत नाही. या वचनाचे पडसाद पुढे स्तोत्रे, संदेष्ट्यांचे ग्रंथ व नहेम्या यांत वारंवार उमटले. योना मात्र त्याच शब्दांनी ईश्वराकडे तक्रार करतो : तू असा दयाळू असल्यामुळेच शत्रूची निनवे नगरी वाचली, असे त्याचे गाऱ्हाणे आहे.

हेसेदच्या जोडीने तीन शब्द येतात. ‘एमेथ’ म्हणजे सत्य किंवा भरवसा. ‘हेन’ म्हणजे प्रसाद, मेहेरनजर. आणि ‘रहामीम’ म्हणजे करुणा. यांतील शेवटचा शब्द ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशी संबद्ध आहे. पोटच्या लेकराविषयी आईला जे वाटते, ते या शब्दात आहे. अरबीतील ‘रहम’, ‘रहमान’ व ‘रहीम’ हे शब्द याच सेमिटिक धातूपासून आलेले असून अरबीतही गर्भाशयवाचक शब्द त्याच धातूचा आहे. दखनी बोलणाऱ्या औरंगाबाद शहरात ‘रहम’ हा शब्द बाजारातही ऐकू येत असे. त्यामुळे बायबलमधील एका मूळ हिब्रू शब्दाचा सख्खा नातेवाईक तेथील लोकांच्या तोंडी मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीपासून होता.

संदेष्ट्यांच्या काळात (इ. स. पू. आठवे ते सहावे शतक) हेसेदला सामाजिक धार आली. होशेयाने यज्ञयागापेक्षा हेसेद श्रेष्ठ ठरविला. मीखाने न्यायाने वागणे, हेसेदची आवड धरणे व ईश्वरासमोर नम्रपणे चालणे या तीन गोष्टींत धर्माचे सार पाहिले. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास जेरूसलेमचा विध्वंस झाल्यानंतर रचल्या गेलेल्या विलापगीतात, उद्ध्वस्त नगरीचे वर्णन करता करता कवी मध्येच ईश्वराच्या अक्षय हेसेदकडे वळतो. एकशेछत्तिसाव्या स्तोत्राच्या सव्वीसही चरणांना तर हेसेद सनातन असल्याचे एकच पालुपद आहे. विश्वाच्या निर्मितीपासून ते सुरू होते, ईजिप्तमधील दास्यातून झालेल्या सुटकेचा इतिहास सांगते आणि शेवटी सर्व प्राणिमात्रांना अन्न मिळते या साध्या गोष्टीवर येऊन थांबते. अन्न आणि मुक्ती यांत हे स्तोत्र भेद करीत नाही.

हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर (सेप्टुअजिंट) इ. स. पू. तिसऱ्या–दुसऱ्या शतकांत झाले, तेव्हा हेसेदसाठी बहुशः ‘एलेओस’ हा शब्द घेण्यात आला. ग्रीकांच्या दृष्टीने एलेओस म्हणजे दुसऱ्याचे दुःख पाहून मनात उठणारी भावना. नात्यातील निष्ठेचा अर्थ येथे प्रथम मागे पडला. सेंट जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस सिद्ध करण्यास घेतलेल्या लॅटिन भाषांतरात ‘मिझेरिकॉर्दिया’ म्हणजे दुःखिताविषयी द्रवणारे हृदय हा शब्द रूढ झाला. इंग्रजीत मायल्स कव्हरडेलने १५३५ मध्ये प्रेम व दया यांचा एक नवा जोडशब्दच घडविला. विसाव्या शतकात नेल्सन ग्लूक याने आपल्या १९२७ च्या जर्मन प्रबंधात, हेसेद ही भावना नसून करारातील पक्षांचे परस्पर कर्तव्य आहे, असे मत मांडले. त्याचा परिणाम म्हणून १९५२ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत ‘अढळ प्रेम’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आला. कॅथरिन साकेनफेल्ड हिने १९७८ मध्ये ग्लूकच्या मताला मुरड घातली. तिच्या मते हेसेद करणारा बहुधा समर्थ पक्ष असतो व त्याला ते टाळता येणे शक्य असते. पण नात्यामुळे तो आपणहून जबाबदारी पत्करतो. उपलब्ध उताऱ्यांशी हे विवेचन अधिक जुळते.

नव्या करारात ख्रिस्ताच्या तोंडी होशेयाचे वचन मत्तयकृत शुभवर्तमानात दोनदा येते : जकातदारांच्या पंक्तीला बसल्याबद्दल टीका झाली तेव्हा आणि शब्बाथ दिवशी भुकेल्या शिष्यांनी कणसे मोडली तेव्हा. दोन्ही प्रसंग अन्नाचे आहेत. लूकच्या शुभवर्तमानातील मरियेचे व जखऱ्याचे गीत यांत पूर्वजांना दिलेल्या वचनाची आठवण म्हणून एलेओस येतो. तेथे ग्रीक शब्दाच्या आत जुना हिब्रू अर्थ जिवंत आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, शेजारी कोण या प्रश्नाचे उत्तर ‘ज्याने दया केली तो’ असे येते. आणि दया करणारा पुन्हा परकाच आहे. निर्दय चाकराच्या दाखल्यात मोठे कर्ज माफ झालेला मनुष्य क्षुल्लक कर्जासाठी सोबत्याचा गळा धरतो व मिळालेली माफी गमावतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ९–११) इस्राएल व इतर राष्ट्रे यांच्या भवितव्याचा सगळा प्रश्न दयेच्या सूत्रात ओवला. येशूच्या मनातील करुणेसाठी शुभवर्तमानांत एक वेगळे क्रियापद येते. त्याचा संबंध ‘आतडी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी आहे. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी ‘कळवळा’ हा शब्द योजिला. ‘आतडे तुटणे’ ही मराठी बोली लक्षात घेता याहून समर्पक शब्द सापडणे कठीण होते.

मराठीतील अवतरण : मराठीत ख्रिस्ती दयेचा विचार प्रथम मांडला तो इंग्लंडमध्ये जन्मलेल्या टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या जेझुइट धर्मोपदेशकाने. १६१६ मध्ये राचोल येथे मुद्रित झालेल्या त्याच्या क्रिस्तपुराणात सु. ११ हजार ओव्या आहेत. बायबलचे शब्दशः भाषांतर न करता त्याने पुराणकाराची भाषा स्वीकारली व ‘कृपा’, ‘दया’ हे भक्तिपरंपरेतील शब्द निःसंकोचपणे वापरले. त्याच सुमारास वसई, चौल व गोवा येथे पोर्तुगीजांची ‘मिझेरिकॉर्दिया’ नावाची धर्मादाय मंडळे कार्य करीत होती, म्हणजे शब्द आणि संस्था या दोन्ही मार्गांनी ही संकल्पना कोकणात आली.

बायबलचे गद्य भाषांतर सेरामपूर येथे विल्यम केरी व त्याचे पंडित वैजनाथशास्त्री यांनी सुरू केले. मत्तयकृत शुभवर्तमान १८०५ मध्ये व नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार व १८४७ मध्ये संपूर्ण बायबल छापले. या दरम्यान जॉन विल्सन याने १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. त्याच्या डोळ्यांसमोर कोकणातून आलेला मराठी भाषक बेने इस्राएल समाज होता. या समाजाने मुंबईत मांडवी भागात १७९६ मध्ये बांधलेल्या प्रार्थनामंदिराचे ‘शआर हारहामीम’ म्हणजे ‘करुणेचे द्वार’ हे नाव रहामीम या शब्दावरूनच आलेले आहे.

प्रचलित मराठी बायबलमध्ये हेसेदसाठी मुख्यतः ‘दया’ आणि काही स्तोत्रांत ‘वात्सल्य’ हे शब्द आढळतात. एकशेछत्तिसाव्या स्तोत्राच्या पालुपदात ‘दया’ आहे. एकावन्नाव्या पश्चात्तापस्तोत्रात व त्रेसष्टाव्या स्तोत्रात ‘वात्सल्य’ आहे. वत्स म्हणजे वासरू. गाय-वासराचे रूपक वारकरी वाङ्‌मयाने घरोघरी पोहोचविलेले असल्यामुळे हा शब्द वाचकाला लगेच भिडला. काटेकोरपणे पाहता तो हेसेदपेक्षा रहामीमच्या अधिक जवळचा आहे. पण ‘दया’ या शब्दाने जे अंतर निर्माण होत होते, ते त्याने पुष्कळसे मिटविले. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी आपल्या भक्तिगीतांत ख्रिस्ताला माउली म्हणून आळविले, त्याची भूमिकाही हीच होती. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून अल्पशिक्षित वाचकांसाठी सोप्या मराठीत केलेले बायबलचे संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये केडगाव येथे छापले गेले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी तेथे काढलेल्या आश्रमाचे नाव ‘कृपासदन’ होते.

उरला तो निष्ठेचा अर्थ. तो मराठीत वेगळ्याच वाटेने शिल्लक राहिला. ईश्वर व मानव यांच्यातील बंधनासाठी भाषांतरकारांनी ‘करार’ हा शब्द निवडला. तो अरबीतून आलेला, दप्तरातला व जमीनमहसुलातला शब्द. निजामी मुलखातील कुणब्याला कौल काय, करार काय आणि तो मोडला म्हणजे काय होते, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

औरंगाबाद–जालना परिसर : करुणेचा विचार या भूमीला नवा नव्हता. शहराच्या उत्तरेकडील डोंगरातील औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात, आठ महाभयांत सापडलेले भक्त ज्याचा धावा करतात, तो अवलोकितेश्वर कोरलेला आहे. खुलदाबाद हे सूफी संतांचे स्थान. पैठणच्या एकनाथांची (१५३३–९९) भूतदया, तहानेल्या गाढवाला गंगोदक पाजण्याच्या कथेतून महाराष्ट्रभर परिचित आहे. याच एकनाथांनी ‘जोहार’ या प्रकारात गावकुसाबाहेरील सेवकाची वाणी वापरली. ‘मायबाप’ म्हणून वरच्यापुढे वाकणाऱ्या त्या वाणीला दयेची याचना रोजची होती. दुसरीकडे, बीदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिल्याची परंपरागत कथाही याच मुलखातील. म्हणजे ज्यांना नेहमी दयेवर जगावे लागले, त्यांच्या स्मृतीत दयेची नव्हे, तर लेखी हक्काची कथा जपलेली होती. ख्रिस्ती धर्म येथे मुख्यतः अशा समाजांत पसरला, म्हणून हेसेदचा अर्थ हा येथे केवळ कोशकारांचा प्रश्न राहिला नाही.

चर्च मिशनरी सोसायटीचे काम औरंगाबादेत १८६० च्या सुमारास सुरू झाले; रतनजी नौरोजी या पारशी कुटुंबात जन्मलेल्या धर्मोपदेशकाने तेथे दीर्घकाळ सेवा केली. जालना येथे (१९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात) नारायण शेषाद्रि यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे कार्य उभारले. ब्राह्मण कुटुंबातील शेषाद्रि यांनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला न्यायालयाच्या निर्णयाने घरी परत पाठविल्यावर त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद झाला व त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी परत घेण्याची बाजू उचलून धरली. जालन्याला शेषाद्रि यांच्याकडे आलेले लोक प्रामुख्याने मातंग समाजाचे (तत्कालीन नोंदींत ‘मांग’) होते. हैदराबादचे दिवाण सालारजंग (पहिले) यांच्या कारकीर्दीत सवलतीच्या अटींवर मिळालेल्या जमिनीवर शेषाद्रि यांनी त्यांच्यासाठी एक गाव वसविले. त्याला बेथेल म्हणजे ‘देवाचे घर’ असे नाव दिले. उत्पत्तीच्या ग्रंथात घर सोडून पळालेल्या याकोबाला उघड्यावर झोपला असता जेथे वचन मिळाले, ते हे स्थळ. पुढे कुटुंबकबिल्यासह परतताना आपण ईश्वराच्या साऱ्या हेसेदला अपात्र असल्याची कबुली तो देतो. भूमिहीनांच्या वसाहतीला हे नाव देण्यात धर्मग्रंथाचे नेमके वाचन दिसते. शेषाद्रि १८९१ मध्ये निधन पावले.

१८७६–७८ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनंतर ख्रिस्ती झालेल्यांवर ‘पोटासाठी बाटले’ असा आरोप होऊ लागला. उपासमारीच्या काळात अनेक कुटुंबे मिशनांच्या आश्रयाला आली, हे खरेच आहे. पण हा आरोप अन्न व श्रद्धा यांत जी रेषा ओढतो, ती एकशेछत्तिसाव्या स्तोत्राला मान्य नाही. रूथही सासूच्या व आपल्या पोटासाठीच सरवा वेचीत होती. खरा प्रश्न निराळा होता : दुष्काळ सरल्यानंतर ते नाते कोणत्या पायावर उभे राहणार? मिशनऱ्यांच्या लेखनात नवख्रिस्ती पुष्कळदा सांभाळ करावयाची लेकरे म्हणूनच येतात, आणि ‘मायबाप’ हा जुना शब्द गावच्या पाटलाकडून मिशनच्या साहेबाकडे सहज वळला. शाळा, दवाखाने व जमीन यांनी काही पिढ्यांचे जीवन पालटले. तथापि दाता व याचक ही चौकट मिशनांनी मोडली असे म्हणता येत नाही.

रोमन कॅथलिक कार्य या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सेंट फ्रान्सिस दे साल याच्या नावाने स्थापन झालेल्या धर्मसंघाकडून घोगरगाव परिसरात सुरू झाले. दे सालचा ईश्वरी प्रेमावरील ग्रंथ १६१६ चा, म्हणजे क्रिस्तपुराण छापले गेले त्याच वर्षाचा, हा एक योगायोग. अमरावती धर्मप्रांताचे विभाजन होऊन १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबाद हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. पुढे तीन वर्षांनी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ईश्वरी दयेवरील परिपत्रक काढले (१९८०). त्यातील एका विस्तृत टीपेत हेसेद व रहामीम यांचा भेद उलगडला असून हेसेदमध्ये स्वतःच्या प्रेमाविषयीची जबाबदारी व रहामीममध्ये मातृत्व पाहिले आहे. त्यांनीच २००० मध्ये ईस्टरनंतरचा रविवार ईश्वरी दयेचा रविवार म्हणून ठरविला. फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल हे अलीकडचे मराठी भाषांतर २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रॉटेस्टंट पंथांपैकी अनेक चर्चे १९७० मध्ये नागपूर येथे एकत्र येऊन उत्तर भारतातील संयुक्त चर्च स्थापन झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात दयेविरुद्ध हक्क हा प्रश्न उघडपणे पुढे आला. १९५० च्या अनुसूचित जातींविषयक राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदू नसलेल्यांना, काही शीख जातींचा अपवाद करता, त्या यादीतून वगळले. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांचा झालेला नाही. औरंगाबादेत १९५० मध्ये महाविद्यालय स्थापन करून मराठवाड्यातील दलितांना उच्च शिक्षणाचे दार उघडून देणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बुद्धचरित्रात (१९५७) करुणेच्याही पुढे मैत्रीला स्थान दिले. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांची, असा भेद त्यांनी केला.

ख्रिस्ती विचारवंतांमध्ये अरविंद निर्मल (१९३६–९५) यांनी १९८१ मध्ये बंगलोर येथे दिलेल्या व्याख्यानापासून दलित धर्मशास्त्राच्या मांडणीला आरंभ झाला. ईश्वर हा दया करणारा धनी नसून स्वतः सेवकाचे काम करणारा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी मोशेच्या पाचव्या ग्रंथातील (अध्याय २६) कबुलीचा आधार घेतला. वचन दिलेल्या भूमीत पहिले पीक हाती आल्यावर शेतकऱ्याने ते टोपलीत भरून वेदीसमोर ठेवावयाचे. मग आपला पूर्वज भटका होता, ईजिप्तमध्ये आपण राबलो, आपला आक्रोश ऐकला गेला, हे स्वतःच्या तोंडाने सांगावयाचे. आणि त्यानंतर गावात राहणाऱ्या उपऱ्यासह ते पीक खावयाचे, असा तेथे विधी आहे.